नऊ नंबरचं पेन

सोमवारी सकाळी ऑफिसात येऊन कॉम्प्युटर चालू केला, तर समोर भलतंच काहीतरी. माझी काळी पाटी जाऊन तिथे राखाडी आली होती. वरच्या बाजूला पोरांच्या टिफिनवर असतात तशी रंगीत चित्रं, आणि मधोमध एक चौकट, तिच्यात इंग्रजीतून माझं स्वागत. मी म्हटलं, मेल्या, सत्तावीस वर्षं या खुर्चीत मी बसतेय आणि स्वागत तू करतोस?

तुषारला फोन लावला. त्याचं स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि आमच्या ऑफिसचं सगळं तोच बघतो.

"नवीन व्हर्जन टाकलं, वसुबेन," तो म्हणाला. "काल रविवार होता ना, म्हटलं तुम्हाला डिस्टर्ब नको. रविंद्रसाहेबांनीच सांगितलं. जुन्याचं लायसन संपलेलं."

"आणि माझी पेनं?"

"कुठली पेनं?"

कपाळ माझं. याला कुठून सांगायला सुरुवात करू?

मी नकाशे काढते. डहाणूत रविंद्र इंजिनीअरचं ऑफिस आहे, तिथे त्याच्या वडिलांच्या काळापासून. पहिली आठ वर्षं हाताने काढले, ट्रेसिंग पेपरवर, शाईच्या पेनांनी. हद्दीला जाड पेन, भिंतीला मध्यम, मापांना केसासारखं बारीक. मग कॉम्प्युटर आला. त्यात पडद्यावरचा एकेक रंग म्हणजे एकेक पेन. कुठलं पेन कागदावर किती जाड उमटायचं, कुठल्या शाईत उमटायचं, हे एका फाईलमध्ये भरून ठेवायचं. ती फाईल मी सहा महिने खपून बसवली होती. नाव ठेवलं 'वसु'. प्रिंट मारताना यादीतून 'वसु' निवडायची आणि कागद घ्यायचा. एकोणीस वर्षांत दुसऱ्या कशाला हात लावला नाही. डहाणूपासून तलासरीपर्यंत लोक सांगतात, नकाशा स्वच्छ हवा असेल तर वसुमतीबाईंकडे जा.

आता यादी उघडली तर तिच्यात 'वसु' नव्हती. दुसरी पंधरा नावं होती, एकापेक्षा एक अनोळखी.

आणि त्याच दिवशी नेमकं निकडीचं काम. चार वर्षांपूर्वी तलासरीजवळच्या एका जमिनीचा नकाशा आम्ही केला होता, वापीच्या एका पार्टीचे बिनशेती प्लॉट. नकाशा मंजूर झाला. गेल्या दिवाळीनंतर पार्टीने चारी बाजूंनी भिंत घातली. मागच्या पाड्यातल्या लोकांनी अर्ज केला की आमची रस्त्यावर यायची वाट भिंतीत गेली. पार्टीचं म्हणणं, वाट तिथे कधी नव्हतीच. त्याची सुनावणी दुपारी तीनला तलासरीला तहसीलदारसाहेबांपुढे होती, आणि नकाशाच्या चार ताज्या प्रती घेऊन रविंद्र बाराला निघणार होता.

म्हणून मी त्या पंधरा नावांपैकी एक निवडलं आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. कागद बाहेर आला आणि मला बघवेना. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या. हद्द तेवढीच, गटार तेवढंच, मापाची रेघ तेवढीच. हिरवं, गुलाबी, निळं, सगळं एकात एक. अक्षरं सुजलेली. आणि सगळ्या कागदभर ठिपके, आकडे, तुटक रेघा, झाडांची गोल गोल भोकं. जेवणाच्या पानात कुणीतरी कालचं खरकटं वाढून ठेवावं, तसा तो कागद. माझ्या नावाची चौकट कोपऱ्यात होती त्यावर, 'आरेखन : वसुमती'. ती बघून तर अंगावर काटा आला. मी तो कागद हाताच्या दोन बोटांत धरून टोपलीशेजारी टाकला.

दहाच्या सुमाराला हिरू आला. हिरू त्याच पाड्यातला, पन्नाशीचा माणूस. जमिनीची मोजणी झाली तेव्हा आमच्याकडे चार दिवस रोजाने होता. आरसा लावलेली काठी घेऊन, मोजणीवाला सांगेल तिथे जाऊन उभं राहायचं, एवढं त्याचं काम. तेव्हापासून मला ओळखतो.

"बाई, आज शेवटची तारीख आहे," तो दारातूनच म्हणाला. "मागच्या वेळी तलासरीचा साहेब बोलला, वाट कागदावर दाखव, मी भिंत फोडायला लावतो. कागद तुमच्याकडे आहे."

"कागदावर वाट नाही, हिरूभाऊ. मंजूर नकाशा माझ्या हातचा आहे."

"मोजली होती, बाई. मी स्वतः वाटेवर काठी धरून उभा होतो. ओढ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत."

माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. त्यात हा मला माझा नकाशा शिकवायला आला.

"मोजली असती तर नकाशात आली असती," मी म्हटलं. "माझ्या नकाशात नाही, म्हणजे जागेवर नव्हती. तुम्ही दुसऱ्या कुठल्या तरी जमिनीवर उभे राहिला असाल."

तो हळूच सांगायला लागला, जसं मी ऐकलंच नव्हतं. पाड्यात सव्वीस घरं. त्या वाटेने रस्ता दहा मिनिटांवर. आता भिंतीला वळसा घालून ओढ्यातून जावं लागतं, पाऊण तास. पावसात ओढा भरला की तेही बंद, पोरं शाळेत जात नाहीत. या श्रावणात त्याची सून बकुळा अडली. झोळीत घालून चौघांनी ओढ्यातून काढली, पाणी छातीपर्यंत. बाळ पलीकडच्या काठावर झालं, चिखलात.

"बाळ बरं आहे ना?" मी विचारलं.

"बरं आहे."

"मग झालं. बसा तिकडे बाकावर. रविंद्रसाहेब आले की त्यांच्याशी बोला." असं म्हणून मी परत पडद्याकडे वळले. हे मी बोलले. आता लिहिताना माझीच मला लाज वाटते, पण बोलले.

पुढचा तासभर मी त्या राखाडी भानगडीत उकरत होते. जिथे प्रिंटचं बटण होतं तिथे आता ढगाचं चित्र. ढगावर बोट ठेवलं तर नाव-पत्ता विचारतो. कागदाचा आकार निवडायला गेलं तर कुठल्या तरी अमेरिकेतल्या कागदाचं नाव पुढे करतो. कशाची मदत मागावी तर एक बाई व्हिडिओत हसत हसत सांगते की काम किती सोपं झालंय. कुणाचं सोपं झालंय, तुझं? एवढं बिनसलेलं असताना कुणी हसून बोललं की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

शेवटी तुषार स्वतः आला. माझ्या खुर्चीत बसला, दोन-चार ठिकाणी बघितलं आणि मान हलवली.

"नवीन टाकताना ते विचारतं, जुनी सेटिंग आणायची का. मी नाही म्हटलं."

"का म्हटलंस नाही?"

"जुन्या सेटिंगबरोबर खूप कचरा येतो, वसुबेन. क्लीन टाकलेलं बरं."

"तुषार, माझ्या एकोणीस वर्षांच्या कामाला तू कचरा म्हणतोस?"

"थई जशे, थई जशे," तो उठत म्हणाला. त्याचं नेहमीचं, होऊन जाईल. "दुकानात बॅकअप आहे. पाच मिनिटांत आणतो."

पाच मिनिटांचा अर्धा तास झाला, पण आणली. पेन ड्राइव्हवरून फाईल उतरवली, नव्या सॉफ्टवेअरने ती कुठे ठेवायची ती जागा शोधली, बंद करून पुन्हा उघडलं. यादी उघडली. सर्वांत खाली 'वसु'. परगावी हरवलेलं आपलं माणूस फलाटावर दिसावं, तसं झालं मला. बटण दाबलं. प्लॉटर घरघरला आणि कागद हळूहळू बाहेर आला. जाड हद्द, मध्यम प्लॉट, केसासारखी मापं, बाकी पांढराशुभ्र कागद. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं. चारही प्रती काढल्या, कडा कापल्या, टेबलावर एकावर एक लावल्या. तुषारला चहा सांगितला. तो चहा पिऊन गेला.

"बाई, ही बघा."

मी वळून पाहिलं. हिरू बाकावरून उतरून खाली फरशीवर बसला होता. सकाळचा टाकलेला तो घाणेरडा कागद त्याने उचलून समोर पसरला होता.

"ते रद्दी आहे, हिरूभाऊ. चुकलेलं प्रिंट."

"ही बघा," तो म्हणाला आणि एका तुटक रेघेवर बोट ठेवलं. "इथे ओढा. इथे ताडाचं मोडलेलं खोड होतं, त्याला मोजणीवाल्याने टेकून घेतलं. इथे मोठा दगड. इथे मला म्हणाला थांब, आणि फोनवर बोलत बसला, मी उन्हात उभा. मग असं वळलो. मग रस्ता." बोट कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. हिरूला वाचता येत नाही. त्या रेघेच्या बाजूला मोजणीवाल्याने लिहिलेला शब्द मी वाचला. पायवाट. ठिपक्यांना नंबर होते, एक्केचाळीसपासून अठ्ठावन्नपर्यंत. अठरा वेळा हा माणूस काठी धरून उभा राहिला होता.

मी टेबलावरची स्वच्छ प्रत घेतली आणि त्या कागदाशेजारी फरशीवर ठेवली. तिथे प्लॉट नंबर चौदा, पंधरा आणि सोळा होते. मोकळे.

तसं मला तिथेच कळलं होतं, पण तरी मी जाऊन पडद्यावर त्या रेघेवर क्लिक केलं. रंग, नऊ.

नऊ नंबरचं पेन माझं. हाताने नकाशे काढायचो तेव्हा आधी पेन्सिलने आखायचं, मग शाई, मग रबराने पेन्सिल पुसायची. कॉम्प्युटर आला तेव्हा मला ते रबर पाहिजे होतं. म्हणून 'वसु' बसवताना नऊ नंबरला मी पांढरी शाई दिली. पांढऱ्या कागदावर पांढरी शाई, म्हणजे पडद्यावर दिसेल आणि कागदावर येणार नाही. सुरुवातीला त्यात फक्त माझ्या आखणीच्या रेघा टाकायचे. मग मोजणीवाल्यांच्या फाईली यायला लागल्या, झाडं, खांब, वारुळं, गोठ्याचे कूड, कुणाच्या कुणाच्या वाटा, आणि माझा सुंदर नकाशा त्याने बरबटायचा. मी ते सगळं उचलायचे आणि नऊमध्ये टाकायचे. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी पैसे दिले नव्हते, कुणी धमकावलं नव्हतं. मला स्वच्छ आवडतं, एवढंच.

आणि दोन तासांपूर्वी मी या माणसाला सांगितलं होतं की तू दुसऱ्याच जमिनीवर उभा राहिलास. मला माझी इतकी किळस आली की मी उठून मोरीवर गेले आणि हात धुतले. धुऊन काय होणार होतं, पण धुतले.

परत आले तर रविंद्र आला होता. टेबलावरच्या प्रती बघून खूश.

"वा, मिळालं ना सेटिंग? मला टेन्शन आलं होतं. ही चौथी प्रत खाली का ठेवलीय?" मग त्याची नजर त्या दुसऱ्या कागदावर गेली. त्याने तो वाकून पाहिला. हिरूकडे पाहिलं. "हे कुठून आलं? फाडून टाका ते."

"त्यात पायवाट आहे, साहेब," मी म्हटलं. "मोजलेली. मी नऊ नंबरला टाकली होती. त्यात वाट गेली हे मला माहीतच नव्हतं."

तो हसला. जवळ येऊन, हिरूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलला, "वसुताई, मला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं. तुमच्या टेबलावरून नकाशा गेला की त्यात अडणारं काही राहत नाही. म्हणून तर असल्या फाईली आपण तुमच्याकडेच देतो. उगीच का लोक आपल्याकडे येतात?"

सत्तावीस वर्षांत या मुलाने माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं.

"तुम्ही सकाळपासून दमलात," तो पुढे म्हणाला. "आज अर्धा दिवस घ्या. घरी जाऊन पडा." त्याने चार प्रती गुंडाळल्या आणि गाडीची किल्ली फिरवत निघून गेला.

मी घरी गेले नाही. कॉम्प्युटरवर बसले, 'वसु' काढली आणि सकाळचं ते घाणेरडं सेटिंग पुन्हा लावलं. एक प्रत काढली. खाली तारीख घातली, सही केली. हिरूला म्हटलं, "चला."

डहाणूहून जीप मिळाली. रानशेत मागे पडलं. चारोटी नाक्यावर उतरून दुसरी गाडी पकडली. विवळवेढ्याला देवीचं देऊळ आलं तेव्हा हिरूने गाडीतूनच हात जोडले, आणि मीही जोडले, पण मागू काय ते सुचेना. गुंडाळी त्याच्या मांडीवर होती. ती त्याने सगळ्या रस्त्याने खाली टेकू दिली नाही.

"हिरूभाऊ," मी शेवटी म्हटलं, "मी सकाळी बोलले ते चुकीचं होतं."

"हां," तो म्हणाला. बस, एवढंच.

तलासरीला आमचा नंबर साडेतीनला लागला. रविंद्र आधीच बसलेला होता. मला पाहून त्याच्या कपाळावर आठी पडली आणि लगेच गेली. त्याने साहेबांसमोर स्वच्छ प्रत उघडली. हिरूने त्याच्या शेजारी दुसरी उघडली. साहेब दोन्हींवर वाकले. एका कागदावर रेघ, दुसऱ्यावर नाही.

"हा कुणी काढला?" त्यांनी स्वच्छ प्रतीवर बोट ठेवलं.

"मी," मी म्हटलं.

"आणि हा?"

"तोही मीच."

"साहेब, ऑफिसमध्ये कालच सॉफ्टवेअर अपग्रेड झालंय," रविंद्र शांतपणे म्हणाला. "नव्या व्हर्जनमध्ये गडबड होते. नको त्या रेघा छापल्या जातात. सकाळपासून बाई त्याच्यामागेच होत्या, त्यांनाच विचारा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं की हे ऐकून कुणीही मान डोलावेल. सकाळपासून मीच त्या सॉफ्टवेअरला शिव्या घालत होते, तुषार साक्षीला होता. मी नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नवीन सॉफ्टवेअर बरोबर आहे, साहेब," मी म्हटलं. "फाईलमध्ये जे आहे ते त्याने छापलं. वाट मोजणीत होती. मंजूर नकाशातून ती मी काढली."

"का काढली? कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग?"

हिरू दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

"मला ती घाण वाटली, साहेब. नकाशा घाण दिसायचा."

कारकून लिहिता लिहिता थांबला आणि परत लिहायला लागला. साहेबांनी तो ठिपक्यांचा कागद जवळ ओढला. नंबर मोजले. मग त्यांनी लिहायला सांगितलं की वाट मोजणीत आहे आणि पार्टीने आठ दिवसांत भिंतीला तेवढं तोंड पाडून द्यायचं. हिरूने साहेबांना हात जोडले. मला जोडले नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

मी उठायला लागले.

"बाई, बसा," साहेब म्हणाले. "असं फक्त याच नकाशात केलंत?"

रविंद्रने माझ्याकडे पाहिलं. दारापर्यंत गेलेला हिरूही थांबला.

"नाही साहेब," मी म्हटलं. "एकोणीस वर्षांतल्या सगळ्या."

"किती असतील?"

"डहाणू-तलासरी मिळून साडेसहाशे."

साहेबांनी कारकुनाकडे मान वळवली. "लिहा," ते म्हणाले.